दोन ताटं

मनकर्णानं ताट वाढून बन्सीपुढं सरकवलं आणि ती लांब उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवत आली होती. माहेरी-सासरी सगळीकडं तीच रीत. रक्ताच्या तपासणीचा निकाल कळला आणि घरात दोन ताटं झाली. आपलं ताट ती वेगळं घासायची, वेगळंच पालथं घालायची. बन्सीला घास गोड लागेना.

बजाजनगरात बातमीला पाय फुटायला काय वेळ! कंपनीतला गडी, हातात पैसा खुळखुळला, बाहेर तोंड मारलं असणार, लोक म्हणू लागले. बन्सीनं कुणाचं तोंड धरलं नाही. मनकर्णालाही त्यानं बजावलं होतं, ब्र काढायचा नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत बंद पडलेल्या एसट्या सुरू झाल्या, तसा मेहुण्याचा निरोप आला, अक्काला न्यायला येतो. मनकर्णानं मुकाट्यानं गाठोडं बांधलं. गेल्या साली बाळंतपणात मूल गेलं, पण बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवून ती वाचली होती. आता ती आपल्या पायानं निघाली होती. ती समोर असतानाच बन्सीला तिची आठवण येऊ लागली.

रजा टाकून तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. शिवल्यानं, एका माठातलं पाणी प्यायल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही. नवरा-बायकोनं निरोध मात्र वापरायचा. बन्सीनं तेच तेच पुन्हा विचारलं. बाई कंटाळल्या नाहीत.

घरी येऊन त्यानं सगळं मनकर्णाला सांगितलं.

"डॉक्टरला सांगायला काय जातंय," ती म्हणाली. "माझा जीव मानत नाय."

दुसऱ्या दिवशी अप्पाराव आला. त्यानं बहिणीच्या घरात पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन घास खाऊन घे, मग निघू, एवढंच म्हणाला. मनकर्णा आपलं ताट घेऊन बसली. अर्धी भाकरी खाऊन तिनं ते बाजूला सारलं.

बन्सी उठून तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिचं ताट त्यानं पुढ्यात ओढलं, उरलेली भाकरी कालवणात मोडली आणि घास तोंडात घातला.

अप्पाराव ताडकन उठला. "दाजी, तिच्या ताटाला शिवू नका. तुमचा रोग तिला लागंल."

मनकर्णानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"अप्पा, त्यांना काय झालं नाय. आजार मला हाय."