राज्यमंत्र्यांची तुला

“आता साहेबांची गुळानं तुला होईल,” सुंदररावांनी माईक हिसकावून जाहीर केलं, आन् मल्लिकार्जुन आप्पाच्या हातातला हार हातातच लोंबकळत राहिला.

पाटोद्याच्या मोंढ्यात, भरल्या धान्यबाजारात, टाळ्या पडल्या. व्यापार खात्याचे राज्यमंत्री अभिमन्यूदादा गालात हसले. राज्यमंत्री म्हणजे सही मोठ्या मंत्र्याची, फीत कापायला हे. दोन वर्षांत एक आदेश काढला नव्हता बिचाऱ्यानं. तुला म्हणजे गर्दी, फोटो, गुळाच्या ढेपी. कोण नको म्हणंल?

घाम फुटला तो आप्पाला. कारण मोंढ्यात शेतकऱ्यांचा माल मापायचा काटा होता त्याचा. त्या काट्याचं एक बटन दुकानात गादीखाली होतं. बटन चालू असलं की काटा क्विंटलमागं दहा-अकरा किलो माल गिळायचा आन् ढेकरही द्यायचा नाही. तपासणीला कुणी आलं की बटन बंद, काटा एकदम संत. सुंदररावांनी किती वेळा तक्रार केली, तितक्या वेळा तोंडावर आपटले. आज मात्र त्यांचं वर्षाचं सोयाबीन मापाला लागलं होतं, बटन चालू होतं, आप्पा स्टेजवर होता, आन् गादी पन्नास पावलं लांब होती.

“कावून थांबलाव आप्पा?” सुंदरराव म्हणाले. “तुमचाच काटा हाय. घाला की साहेबांच्या गळ्यात हार.”

डाव सुंदररावांना सकाळीच सुचलता. नातीला, वैष्णवीला घेऊन ते सरकारी दवाखान्यातल्या लेकरं तपासायच्या शिबिराला गेलते. दोन वर्षांची पोरगी, पळापळ करणारी, दहा किलो भरली. तिच्यानंतर उद्घाटनाला आलेले हेच साहेब हौसेनं वजनाच्या मशीनवर चढले. एकशे आठ. “मंत्रिपद अंगी लागलं,” असं हसत म्हणालेही. अर्ध्या पाटोद्यानं मोबाईलमध्ये घेतलं होतं.

हमालांनी साहेबांना आप्पाच्या काट्यावर उभं केलं. लाल आकडे थरथरले आन् थांबले. शहाण्णव.

मागून कुणीतरी म्हणालं, “बारा किलो कुठं सांडलं बे?”

हशा असा पिकला की पोत्यांवरची कबुतरं उडाली. सुंदररावांनी हसू दाबलं आन् हात जोडले. “साहेब, वजनमापं तुमच्याच खात्याची. सकाळी तुमी एकशे आठ, दुपारी शहाण्णव. दोन काट्यांतला एक खोटा हाय. कोणता, ते तुमीच सांगा. मंग माझं सोयाबीन मापू.”

साहेबांनी आकड्याकडं बघितलं. मग आप्पाकडं. आप्पाचा चेहरा भिजल्या पोत्यासारखा झालता. दुपारचं जेवण त्याच्याकडंच होतं. पुरणाचा वास अजून साहेबांच्या बोटांना होता.

“निरीक्षक कुठायत?” साहेब म्हणाले. आवाज एकदम मंत्र्याचा.

वजनमापाचा निरीक्षक पुढं आला.

“गोरगरिबांना फसवणारा काटा मी चालू देणार नाही. आत्ताच्या आत्ता सील करा.”

टाळ्या कडाडल्या. आयुष्यात पहिल्यांदा सुंदररावांना एखाद्या मंत्र्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही असते.

“कोणता करू साहेब?” निरीक्षकानं विचारलं.

“दवाखान्यातला,” साहेब म्हणाले. “माझ्या मंडळीला विचारा, मी महिनाभर भात सोडलाय. मला माझं वजन कळत नाही का?”

टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. आप्पानं हार घातला. फोटो निघाले. साहेबांचा पहिला आदेश संध्याकाळच्या आत अमलात आला.

सुंदररावांनी माल मापला नाही, घरीही नेला नाही. रात्रभर सोयाबीनच्या ढिगाला टेकून बसले. तोंडात शिळ्या ताकाची चव आली होती. थुंकले तरी जाईना.

सकाळी डोळा उघडला तर मोंढ्यात लेकरांची रांग. दवाखान्याचं मशीन खोटं ठरलं, म्हणून शिबिरातली सगळी वजनं रद्द. दुसरं मशीन येईपर्यंत साहेबांनी पसंत केलेल्या काट्यावर लेकरं मापायची, असं वरून फोनवर सांगितलं होतं. गादीखालचं बटन चालूच होतं. आता ते बंद करायची गरजच काय?

रांगेत बायनाबाई होती. सुंदररावांची बायको, कडेवर वैष्णवी.

“ए, तिला नको ठिवू,” सुंदरराव उठता उठता ओरडले. तोवर सिस्टरनं पोरगी काट्यावर ठेवली होती.

लाल आकडे थरथरले. आठ किलो नऊशे.

“कालच्या कार्डावर दहा लिहिलंय,” सिस्टर म्हणाली. “हे तर नऊच्याही आत. कुपोषणात नाव लागणार हिचं. घरी खायला घालता का न्हाई, मावशे?”

बायनाबाईनं मान खाली घातली. रांगेतल्या बाया सुंदररावांकडं बघायला लागल्या. गादीवरनं आप्पा उठला. तुलेतल्या ढेपीचा एक मोठा खडा फोडला आन् पोरीच्या मुठीत दिला.

“सुंदरराव,” तो हळहळून म्हणाला, “माणसानं लेकराच्या तोंडचं काढू न्हाई.”