आईची शहरं

"प्रवासी निजला की आपण जागायचं, प्रवासी जागला की आपण निजायचं. उतरणाऱ्याला शहर, पोरी, आपल्याला फलाट."

सिगारेटींनी खरवडलेला तो आवाज शयनडब्यातल्या जुन्या सेविकेचा, म्हाताऱ्या योझेफाचा. रात्रीच्या गाडीतल्या शयनडब्याची किल्ली पहिल्यांदा हातात देताना ती गेर्लिंडेला असं म्हणाली, त्याला अठरा वर्षं झाली. आज रविवारी दुपारी, लिन्झमधल्या घरी टेबलावर रेल्वेचा मोठा नकाशा पसरलेला असताना, तो आवाज गेर्लिंडेला पुन्हा ऐकू आला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुट्टीचा सगळा बेत लेकीचा, मिरियमचा होता. पोरगी सतरा वर्षांची, पण बेत एखाद्या स्टेशनमास्तरसारखा: अकरा दिवस, सहा शहरं, सगळं आगगाडीनं. चौदा वर्षांचा किलियान मोबाइल घेऊन बहिणीच्या चुका काढायला बसला होता. गेर्लिंडेचा नवरा ग्युंटर शेगडीपाशी उभा राहून जर्दाळू भरलेले पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात एकेक सोडत होता. बेतात आपलं काही चालायचं नाही हे त्यानं आधीच ओळखलं होतं.

मिरियम गाड्या वाचत गेली आणि गेर्लिंडे त्या दुरुस्त करत गेली. न्यूरेम्बर्गला सहा मिनिटांत गाडी बदलायची, तर शेवटच्या डब्यात बसू नका. मधल्या डब्याच्या दारासमोर जिना येतो. हॅम्बर्गला सगळे मोठ्या स्टेशनावर उतरायला धडपडतात, आपण पुढे आल्टोनापर्यंत जाऊ, तिथं गाडी रिकामी होते. परसातली पायवाट दाखवावी तसं तिचं बोट नकाशावरून फिरत होतं. पोरं बघत राहिली. बाकीच्यांच्या आया सुट्टीत नकाशा बघतात, माझी आईच नकाशा आहे, असं किलियान वर्गात सांगून आला होता.

मग कोलोन आलं. तिथल्या मोठ्या चर्चला स्टेशनावरून कसं जायचं, असं मिरियमनं विचारलं. गेर्लिंडे क्षणभरही अडखळली नाही. ट्राम धरायची, वीसेक मिनिटं लागतात, म्हणाली.

किलियाननं मोबाइल तिच्यापुढे धरला. स्टेशनाचं दार. आणि दारापुढच्या पायऱ्या चढल्या की लगेच, आभाळात घुसलेले काळ्या दगडाचे दोन मनोरे.

"आई, स्टेशनात कुणी शिंकलं तर चर्चमधला पाद्री 'देव भलं करो' म्हणेल. आणि तू ट्राम कुठली धरतेस?"

ग्युंटरचा झारा पाण्यातच थांबला. इतकी शहरं डोक्यात वागवायची म्हणजे सरमिसळ व्हायचीच, असं तो पोराला म्हणाला. गेर्लिंडेनं तो धागा पटकन पकडला. हो, मी दुसऱ्याच गावचं सांगत होते, म्हणाली.

कोलोनला ती दोनशे वेळा तरी पोचली असेल. सकाळी नाश्ता वाटायचा, गाद्या आवरायच्या, म्हाताऱ्यांच्या बॅगा खाली उतरवून द्यायच्या. मग गाडी यार्डात जायची. यार्डाशेजारीच कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या. पडदे ओढले की दिवस संपला. संध्याकाळी पुन्हा तोच फलाट, तिथल्याच दुकानातून पोरांसाठी घेतलेला बदामाच्या मिठाईचा पुडा. आई बाजार फिरून आली, असं पोरांना वाटायचं. पोरं लहान होती तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं, आणि मोठी झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं कौतुक बघून तिच्यानं सांगवेना. ग्युंटरला तेवढं ठाऊक होतं.

मिरियमनं कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग फार विचार करून ठरवलेलं बोलावं तशी ती बोलली. कोलोनला दोन गाड्यांच्या मध्ये चार तास आहेत. मनोऱ्याला पाचशेवर पायऱ्या. तिथं आम्ही तिघं चढून येतो. आईनं हे सगळं शंभरदा बघितलंय, तिला पुन्हा कशाला दमवायचं? तिनं स्टेशनातल्या कॅफेत बॅगा सांभाळत निवांत बसावं. बाकीच्या शहरांतही तसंच करू.

"वर्षभर उभीच तर असतेस," ती आईला म्हणाली. "या सुट्टीत तू बस."

तिच्या स्वरात इतकी माया होती की गेर्लिंडेला आधी मान डोलवावीशी वाटली. नकाशावर सहा गावांना मिरियमनं लाल टिंबं दिली होती. प्रत्येक टिंबाशी फलाटावरच्या कॅफेतलं एक टेबल, चार बॅगा आणि आपण, असं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

ग्युंटर तिच्याकडे बघत होता. तो या वेळी मधे पडला नाही.

गेर्लिंडे खुर्चीतून उठली. डब्याच्या दाराशी उभी राहून प्रवाशांना आत घेताना तिची पाठ जशी ताठ होई, तशी आत्ता झाली.

"अठरा वर्षं मी लोकांना या गावांत उतरवलं," ती म्हणाली. "एकाचंही स्टेशन चुकू दिलं नाही. पण स्टेशनाच्या दाराबाहेर मी स्वतः कधी पाऊल टाकलेलं नाही. कोलोनला नाही, हॅम्बर्गला नाही, या सहांतल्या एकाही गावात नाही. बॅगा लॉकरमध्ये टाका. मनोऱ्यावर मी येणार."