फुकटचा नाश्ता

मुलुंडला मालनताईंचं मॅचिंग सेंटर आहे. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड घासलं की शंभरामागे त्यांचे दोनेक रुपये परस्पर कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या बँकेला जातो. "त्यातूनच बँक त्यांना पॉइंट देते, विमानतळावर लाउंजमध्ये खायला घालते," असं मशीन बसवणाऱ्याने सांगितलं, तेव्हा मालनताईंचं तोंड कडू झालं होतं. पण मशीन काढावं, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार.

लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला निघाल्या, तेव्हा त्या पहिल्यांदाच विमानतळावर आल्या. बघतात तर लाउंजच्या दारात त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक, दीप्ती.

"काकू, या ना आत. झकास नाश्ता असतो."

दारावरच्या मुलीने मालनताईंकडे कार्ड मागितलं. त्यांच्याकडे तसलं कार्ड नव्हतं. त्या बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. समोरच्या स्टॉलवर चहाचा भाव ऐकला आणि त्यांची तल्लफ तिथल्या तिथे जिरली.

थोड्या वेळाने दीप्ती टिश्यूत गुंडाळून दोन सामोसे घेऊन बाहेर आली.

"घ्या हो काकू, लाजताय काय? कोणाच्या खिशातून जात नाहीत, बँकच देते."

मालनताईंनी एक सामोसा खाल्ला, दुसरा पर्समध्ये ठेवला आणि हात पुसत म्हणाल्या,



"अजून दोन आण गं. माझे बँकेकडे बरेच निघतात."