सुनावणीची रंगीत तालीम

“मी घसा खाकरला की रडायला लागायचं,” साहेब म्हणाले. “आणि रुमाल जवळ ठेवा. बोटांनी डोळे पुसलेले नाटकी वाटतात.”

लेखाधिकारी बाईंनी मान हलवली. रुमाल काढून समोर ठेवला.

अग्निशमन मंडळाचा मोठा हॉल. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला हे दोघं, समोर चार रिकाम्या खुर्च्या. प्रकरण साधं होतं. नव्या शिड्यांसाठी संसदेनं मंजूर केलेला पैसा साहेबांच्या मजल्यावरच्या लाकूडकामात जिरला होता, आणि ते लाकूडकाम साहेबांच्या मेहुण्यानं केलं होतं. पुढे एका आगीत जुनी शिडी मोडली. शिडीवरचा जवान अजून इस्पितळात होता. म्हणून संसदेची लेखा समिती स्वतः मंडळात येऊन जाब विचारणार होती.

साहेबांचं उत्तर तयार होतं : बाईंनी चुकून पैसे भलत्याच कामाकडे वळवले. सही बाईंचीच होती. ती साहेबांनी दटावून घेतली होती खरी, पण शाईत दटावणी दिसत नाही.

“मला आत टाकतील हो, साहेब.”

“छे! फार तर निलंबन. घरी बसून नातवंडं खेळवा.”

“मला नातवंडं नाहीत.”

“होतील की. वेळच वेळ असेल!” साहेब स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. “आणि समिती नवी कोरी आहे. निवडणुकीतून नुकतीच सुटलेली माणसं. त्यांना जमा कुठली आणि खर्च कुठला, हे कळेपर्यंत आपला चहा होतो.”

मंडळाची एक जुनी पद्धत होती. समितीसमोर जाण्याआधी सराव करायचा. बाहेरचे चार हिशेबनीस बोलवायचे, त्यांनी खासदार व्हायचं आणि साहेबांना सोलून काढायचं. साहेबांनी प्रत्येक प्रश्नाला आधी खरं उत्तर द्यायचं. मग सगळ्यांनी मिळून त्याला इस्त्री करायची. बोलावणी, तारखा, चहापाणी हे सगळं बाईंकडे. साहेबांना आज वार कोणता हेसुद्धा बाईच सांगत. आज सराव, उद्या समिती, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

दार उघडलं. चौघं आत आले. पुढे एक टक्कल पडलेले म्हातारे, कोटाची एक गुंडी तुटलेली. मागे दोन पुरुष आणि एक तरुणी.

“आले,” बाई एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला.

“अहो, आत्तापासून थरथरू नका,” साहेब कुजबुजले. “ते राखून ठेवा.”

म्हाताऱ्यांनी बसता बसता विचारलं, “शपथ घ्यायची ना?”

“घ्यायची म्हणजे काय! सगळं साग्रसंगीत होऊ द्या, काका.” साहेबांनी उभं राहून, छातीवर हात ठेवून, खरं तेच सांगेन असं ठणकावून म्हटलं. वर तरुणीकडे बघून डोळाही मिचकावला. तिनं कागद पुढे ओढला.

“शिड्या कुठे आहेत?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“दुरुस्तीला,” साहेब झटकन म्हणाले. मग हसले. “हे इस्त्री केलेलं हं. आधी खरं सांगू ना?”

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. शेजारच्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई टेबलाची कड धरून बसल्या होत्या.

“सांगा की,” म्हातारे सावकाश म्हणाले. “आधी खरंच सांगा.”

“शिड्या घेतल्याच नाहीत.”

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. बाई ताडकन उठल्या. शिपाई चहा घेऊन आला होता. त्यांनी ट्रे दारातच घेतला, दार पाठीनं ढकलून लावलं. कपबश्या किणकिणत होत्या. टेबलापर्यंत येईतो निम्मा चहा बशीत आला.

“बाई घाबरल्यात,” म्हातारे म्हणाले.

“घाबरणारच. बळीचा बकरा त्याच आहेत!” साहेबांनी बिस्किट उचललं. “लाकूडकाम मेहुण्याचं. हुकूम माझा, तोंडी. यांनी सही करायला नकार दिला, दोनदा. मग मी म्हटलं, तुमच्या मुलीची नोकरी आमच्याच खात्यात आहे ना? केली सही.”

“आणि शिडी जुनी झालीय, हे जवानांनी कळवलं होतं?”

“वारंवार.”

“तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? नवी लाकडी भिंत इतकी देखणी झाली होती हो!”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बाईंचे डोळे दारावर खिळले होते. कोणीतरी येईल, काहीतरी बोलेल, सगळं संपेल, असं त्यांना सारखं वाटत होतं. साहेबांनी घसा खाकरला, पण बाईंना रडूच आलं नाही.

“यांनी चूक केली असं सांगणार होतात?” तरुणीनं मान वर न करता विचारलं.

“सांगणारच आहे. तो तर मुख्य प्रवेश! ऐकायचाय?”

“नको,” म्हातारे म्हणाले. “पुरे झालं.”

“वा, काका!” साहेबांनी टाळी वाजवली. “काय चेहरा ठेवलात! मलाच क्षणभर घाम फुटला. बाई, माणसं झकास निवडलीत. यांच्या मानधनाचं तेवढं आजच्या आज बघा.”

बाईंनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला आणि डोळे मिटून घेतले.

म्हातारे खुर्ची सरकवून उठले. “त्याची काळजी नको, साहेब,” ते म्हणाले. “आम्हाला मानधन संसद देते.”