एका वेळी एकच

त्या दुपारी आम्हा पहारेकऱ्यांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं. कुंपण, फाटक, आडवा दांडा असं सगळं नातीला हौसेनं समजावत मी शेवटच्या काचेच्या केबिनपाशी आलो.

"हिची फरशी वजन करते. आत एकच माणूस असला, तरच पुढचं दार उघडतं. जा, चिमणे!"

ती आत गेली. मागचं दार मिटलं आणि लाल दिवा लागला: दोन माणसं.

पोर अडकून घाबरेल म्हणून मी लगेच मागचं दार उघडलं. अशा वेळी जादा माणसानं बाहेर यायचं, हा आमचा नियम.

"ये गं बाहेर."

ती जागची हललीसुद्धा नाही. तरी दार पुन्हा मिटताच दिवा हिरवा झाला.

पलीकडे पोचून ती खुशीत ओरडली, "आजोबा, तिचा हात सोडू नका हं!"