आईची ओळ

माझ्या टायपिंगच्या दुकानात लग्नाच्या बायोडेटातली पत्त्याची ओळ दुसऱ्या पानावर घसरली, तसे मुलीचे वडील मला म्हणाले, "घरच्यांच्या माहितीच्या टेबलातून आईची ओळ काढून टाका. ती जाऊन सहा महिने झाले. मग मावेल एका पानात."

मुलगी ओढणीचं टोक पिळत राहिली. मला रागच आला. ओळ न काढता मी टेबलाच्या वरची-खालची मोकळी जागा कमी केली. पत्ता आपसूक वर आला.

"बसलं बघा, काका. फक्त आईंच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलंय."

काका बराच वेळ स्क्रीनवरच्या 'वासंती' या नावाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "ते 'कै.' बघायला नको म्हणूनच काढा म्हणत होतो, ताई."

मी कीबोर्डवरचा हात उचलला आणि नाव तसंच ठेवून प्रिंट काढली.