समोरची दोरी

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी चार बाजूंच्या दोऱ्यांनी तोलून धरतात. गेल्या साली गुलाल उधळायच्या नादात सयाजीनं आपली दोरी सोडली आणि ती उंच काठी समोरच्या दोरीवर असलेल्या धाकट्या भावावर कोसळली. विजयसिंह जागीच गेला.

यंदा विजयसिंहची दोरी कुणी धरायची नाही, असं गावानं ठरवलं होतं.

"चांगभलं!"

काठी उभी राहिली. सयाजीनं दोरी ओढली. समोरची लोंबती दोरीही ताणली गेली. तिचं टोक छातीएवढ्या उंचीवर थांबलं.

"तिकडं कोण हाय रं?"

"कोण न्हाय की!" शेजारचे अप्पा म्हणाले.

तेवढ्यात त्या टोकापासून मूठभर गुलाल वर उडाला, आणि दोरी सैल पडली.